गुन्नारची काडतुसं

ऑर्फा ट्वेटच्या नवऱ्याचा उजवा डोळा घरीच भरलेल्या काडतुसाने गेला, तेव्हा आमच्या हार्लो बेंड गावात प्रत्येकाला वाटलं, आता ती ते भरायचं यंत्र भंगारात देणार. पाद्रीबाईंनी तर त्यासाठी गाडी पाठवायची तयारी दाखवली. ऑर्फाने यंत्र गॅरेजमधून उचललं खरं, पण आणून बसवलं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बोल्ट आवळून पक्कं केलं. तिचा नवरा लाइल तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून पलीकडच्या खोलीत पडलेला होता. त्याला ते आवळण्याचे आवाज ऐकू येत होते.

माझं कॅफे चौकातच असल्यामुळे गावाची मतं मला मागावी लागत नाहीत, कॉफीबरोबर आपोआप मिळतात. त्या आठवड्यात सगळ्यांचं एकच मत होतं. बाईचं डोकं फिरलंय.

डोकं फिरणाऱ्यांतली ती नव्हती. ऑर्फा जिल्ह्याच्या रस्ते खात्यात, थंडीत बर्फ ढकलायची गाडी चालवायची, उन्हाळ्यात रस्ता सपाट करायचा ग्रेडर. हाताची मनगटं जाड, बोलणं थोडं. एकदा वादळात पुढचं काही दिसेना, तेव्हा तिने आपली गाडी सरळ रस्त्यात आडवी लावली आणि कुणालाच खिंडीकडे जाऊ दिलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली. लोकांनी हॉर्न वाजवले, खाली उतरून तिच्या काचेवर थापा मारल्या, शिव्या दिल्या. तिने थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि वाऱ्याची वाट पाहत बसली. वरून साहेबाचा फोन आला तरी गाडी हलली नाही. अशी बाई.

आता बंदुकीचं सांगते. लाइल आणि त्याचा थोरला भाऊ डेल्मर यांचा एक चुलता होता, गुन्नार. बंदुका दुरुस्त करायचा. मोठ्या लढाईनंतर त्याने लष्करी काडतुसाची पितळी पुंगळी घेतली, तिचा गळा आवळून बारीक केला, त्यात बारीक गोळी बसवली आणि त्या मापाच्या बंदुका स्वतःच्या हाताने बनवल्या. गोळी सपाट जायची आणि लांब जायची. आमच्या भागात अशा मोजक्याच बंदुका आहेत, आम्ही त्यांना नुसतं ‘गुन्नार’ म्हणतो. त्यांतल्या तीन ट्वेटांकडे होत्या. एक डेल्मरची, एक लाइलची आणि एक खुद्द गुन्नारची, जी लाइलच्या भिंतीवर टांगलेली असायची.

अडचण अशी की हे काडतूस जगातल्या कुठल्याही कारखान्यात कधी बनलं नाही. दुकानात मिळत नाही. किती दारू भरायची ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. गुन्नारने तोंडी सांगितलं होतं, पुंगळीच्या खांद्यापर्यंत, म्हणजे गळा सुरू होतो तिथवर, भरा आणि टिचकी मारून बसवा. हे वाक्य ट्वेटांच्या घरात प्रार्थनेसारखं चालत आलं. पण गुन्नारची दारू लष्कराने विकायला काढलेल्या पिंपांतली होती. ती पिंपं केव्हाच संपली. मग माणसं तिच्या जवळपासची दारू वापरू लागली. ती संपली तर तिच्या जवळपासची. लाइलनेही तेच केलं. उन्हाळ्याचा दिवस, काडतुसं गाडीच्या टपावर तापलेली, डोळ्याला चष्मा नाही. पुंगळीचं बूड फाटलं, जळता वायू मागच्या बाजूने आला आणि त्याच्याबरोबर पितळेचा तुकडा.

डेल्मरने निकाल देऊन टाकला की बंदुकीचं लोखंड जुनं झालं होतं. लाइलनेही तेच धरलं. बंदुकीत खोट होती, भरण्यात नव्हती, कारण भरणं गुन्नारचं होतं आणि गुन्नार ट्वेटांचा होता. बाकीच्या ‘गुन्नार’वाल्यांनीही माना डोलावल्या. त्या उन्हाळ्यानंतर एकानेही आपलं माप बदललं नाही.

हीच गोष्ट ऑर्फाच्या घशाखाली उतरेना. ती माझ्याकडे ॲपल पाय खायला बसली असताना मी तिला सरळ विचारलं होतं, की तुला हे यंत्र डोळ्यांसमोर बघवतं कसं. ती म्हणाली, “आम्ही ती बंदूक घाबरून टांगून ठेवली, तर उरलेले सगळे आंधळेपणाने मारतच राहणार. योग्य माप काय, ते कुणीतरी काढलं पाहिजे. आमचा डोळा गेलाय, तेव्हा हा हक्क आमचा.”

तिची मुलगी सिग्ने शहरात नर्स आहे. तिशी ओलांडलेली, आईसारखीच हाडापेराने मोठी. तिला त्या वर्षी सोडतीत एल्कच्या, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला. आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि परवाना न लागताच म्हातारी होतात. एक एल्क म्हणजे घराचं हिवाळ्याचं मांस. सिग्नेने ठरवलं, जायचं ते गुन्नारच्या स्वतःच्या बंदुकीने. लाइलने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. दुकानातली घे, असं गावातल्या अर्ध्या लोकांनी तिला सांगून पाहिलं. आईने मात्र एवढंच विचारलं, “पुढच्या शरदात जायचंय ना? मग हिवाळा आहे आपल्या हाताशी.”

डेल्मरला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. पुतणीसाठी त्याने एक खोकाभर काडतुसं भरली, खांद्यापर्यंत, टिचकी मारून, आणि रविवारी चर्चनंतर घेऊन आला. तेव्हा सिग्नेही घरी होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं. ऑर्फाने खोका घेतला, आभार मानले, ओट्याच्या खणातून गोळी उपसायचा प्लास्टिकचा हातोडा काढला आणि दिराच्या समोर एकेक काडतूस उघडायला बसली. हातोडा फरशीवर आपटला की गोळी निखळायची. दारू ती एका वाडग्यात ओतत गेली.

डेल्मर उभाच होता. त्याने विचारलं, “हे काय चाललंय?”

“तुझी दारू कुठली आहे?”

“जी मिळते ती. गुन्नारच्या दारूच्या जवळपासची.”

“लाइलची पण जवळपासचीच होती.”

“लाइलची बंदूक सडलेली होती. तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधीपासून मी हे भरतोय, ऑर्फा. माझे दोन्ही डोळे बघ, जागेवर आहेत.”

“आहेत,” ती म्हणाली. “म्हणून तुला दिसतंय मी काय करतेय ते.”

तो खोका तिथेच टाकून गेला. भेट आणलेल्या माणसासमोर त्याची भेट फोडायची, हे आमच्याकडे कुणी करत नाही. सोमवारी सकाळपर्यंत गावाला ते पाठ झालं होतं.

तेव्हापासून ऑर्फाच्या टेबलावर लॅपटॉप आला. बंदुकीच्या नळीत दारू कशी जळते, दाब किती चढतो, गोळी किती वेगाने बाहेर पडते, याचा हिशोब करणारा एक प्रोग्राम तिने मागवला होता. छापील पुस्तकात ज्या काडतुसाचं पान नाही, त्याच्यासाठी याहून दुसरा आधार नव्हता. बर्फाची पाळी संपवून आली की बूट काढायची आणि त्याच्यासमोर बसायची. प्रोग्राम उघडला की पहिल्याच पडद्यावर इशारा यायचा, की हे आकडे अंदाज आहेत, यांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. ऑर्फाला तो प्रोग्राम आवडला तो या वाक्यामुळे. ती मला म्हणाली, “डेल्मरने असं एकदा जरी म्हटलं असतं ना, तर मी त्याचं ऐकलं असतं.”

त्या प्रोग्रामने विचारलेले प्रश्न तोपर्यंत गुन्नारच्या काडतुसाला कुणी विचारले नव्हते. नळी किती लांब? गोळी केवढी, ती पुंगळीत किती खोल बसते? आणि झाडलेल्या पुंगळीत पाणी किती मावतं? कारण पोटात जागा जितकी कमी, तितका त्याच दारूचा दाब जास्त. तेव्हा ऑर्फा पुंगळी आधी रिकामी तोलायची, मग थेंबाथेंबाने काठोकाठ पाणी भरून परत तोलायची. मी एकदा तिच्याकडे उरलेला ॲपल पाय पोचवायला गेले तर ही ड्रॉपर घेऊन, श्वास रोखून बसलेली. मी कॅफेत सांगितलं, आणि तिथून गावाला विनोद मिळाला. ऑर्फा पाणी तोलते. डेल्मर तर दिसेल त्याला विचारायचा, “आज आमच्या ऑर्फाचं पाणी किती भरलं?”

माहिती भरून झाल्यावर तिने सगळ्यात आधी डेल्मरचंच माप घालून पाहिलं. वाडग्यात काढलेल्या त्याच्या दारूचं नाव तिने त्याच्या मुलाकडून काढून घेतलं होतं. पडद्यावर दाबाची रेघ उठली, चढली आणि लाल झाली. बंदुकीने सोसायच्या मर्यादेच्या पार वर. मग तिने लाइल वापरायचा ती दारू घातली. ती रेघ आणखी उभी चढली.

लाइल दारात उभा होता. तो स्वयंपाकघरात यायचं टाळायचा, पण त्या दिवशी आला होता. डाव्या डोळ्याने पडद्याकडे बघत तो म्हणाला, “त्या डब्याला गुन्नार माहीत आहे का?”

“नाही.”

“मग त्याला काय माहीत आहे?”

“पितळेच्या पोटात जागा किती आणि तू तिच्यात काय कोंबलंस.” ऑर्फाने त्याच्याकडे वळून पाहिलं. “गुन्नार चुकला नव्हता, लाइल. त्याची दारू वेगळी होती. बंदूकही चुकली नव्हती. चुकलास तू.”

हे डोळा गेल्यापासून त्या घरात कुणी बोललं नव्हतं. लाइलने कोट घेतला, बाहेर गेला आणि आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसला. डोळा गेल्यापासून तो ती चालवत नव्हता, नुसता तिच्यात बसायचा. ऑर्फाने त्याला बोलावलं नाही आणि लॅपटॉपही मिटला नाही. जेवायच्या वेळी तो आत आला. दोघांनी लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, खाल्ल्या.

सुरुवातीचं माप तिने कसं काढलं, ते तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. आधी तिने अशी दारू निवडली जी पुंगळीचं पोट बरंचसं भरते, म्हणजे चुकून दुप्पट ओतली तर बाहेर सांडेल आणि लगेच दिसेल. प्रोग्रामने दिलेला आकडा तिने जवळपास तेवढ्याच पोटाच्या, पुस्तकात छापलेल्या काडतुसांशी ताडून पाहिला. दोन्हींतला जो खालचा तो धरला आणि त्याच्याही खाली उतरून सुरुवात केली. फार खालीही नाही, कारण सावकाश जळणारी दारू अगदीच थोडी भरली तर ती भलतंच काही करू शकते. गुन्नारची बंदूक तिने आधी शहरातल्या कारागिराकडून तपासून घेतली. लोखंडात तडा नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे जुन्या लोखंडाची ढालही गेली. आता दोष द्यायला भरण्याशिवाय काही उरलं नाही.

वसंतात, चिखल वाळल्यावर, मायलेकींनी कुरणात जुन्या टायरांची भिंत रचली. बंदूक टायरला बांधली, चापाला दोरी लावली आणि भिंतीमागून ओढली. पुढे गोळीचा वेग मोजायचं यंत्र ठेवलेलं. बार ठीक झाला, पुंगळी सहज निघाली. पण वेग प्रोग्रामने सांगितला होता त्यापेक्षा जास्त आला.

सिग्नेला आनंद झाला. कमी दारूत जास्त वेग, आणखी काय पाहिजे? ऑर्फाने दोरी गुंडाळायला घेतली. ती म्हणाली, “फुकट वेग मिळत नसतो, पोरी. जास्त वेग म्हणजे आत जास्त दाब. माझा हिशोब कुठेतरी चुकलाय.”

सिग्ने म्हणाली, “अगं पण काही झालं नाही ना?”

“तुझ्या बापालाही त्या बाराच्या आधीच्या सगळ्या बारांना काही झालं नव्हतं.”

त्या दिवशी दुसरं काडतूस उडवलं गेलं नाही. बातमी डेल्मरपर्यंत पोचली आणि त्याने मिटक्या मारत सांगितली, की हिवाळाभर तोलमाप करून शेवटी डबाच चुकला. ऑर्फाने ते ऐकलं आणि मान्य केलं. माझ्याच काउंटरवर ती म्हणाली, “हो, चुकला. म्हणून थांबले.” आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी तोलायला बसली. चूक तिचीच निघाली. तिच्याकडच्या पुंगळ्या दोन जातींच्या होत्या. जुन्या लष्करी आणि नंतरच्या, जाड भिंतीच्या. पाणी तिने मोजलं होतं जुन्या पुंगळीत आणि बार केला होता जाड पुंगळीत. जाड भिंत म्हणजे आत जागा कमी. तिने सगळ्या पुंगळ्या निवडून वेगळ्या केल्या, प्रोग्रामला खरं पाणी सांगितलं, माप आणखी उतरवलं आणि मग उन्हाळाभर इतक्या सावकाश वर चढली की सिग्ने कंटाळून जायची. बार करायचा, वेग बघायचा, पुंगळीचं बूड बघायचं, बंदुकीचा बोल्ट, काडतूस आत-बाहेर सारायचा दांडा, जड लागतो का बघायचं. वेग आणि हिशोब जिथे जुळले आणि गोळ्या निशाण्यावर एकत्र बसल्या, तिथे ती थांबली. वर अजून जागा होती. ती तिने घेतली नाही.

डेल्मर म्हणाला, एवढ्याशा दारूने एल्कला गुदगुल्या होतील.

शिकारीचा हंगाम उघडण्याआधी आमच्या नेमबाजी क्लबात सगळे आपापल्या बंदुकांचा नेम जुळवून घ्यायला जमतात. मी दरवर्षी तिथे कॉफी आणि बन घेऊन जाते. लाकडी बाकांची एक रांग, समोर माळ. क्लबचा एक नियम कुंपणावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. कुणीही, कोणत्याही वेळी ‘थांबा’ म्हणू शकतो, आणि तसं म्हटलं की सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून मागे सरायचं. कारण सांगायची अट त्यात नाही.

सिग्ने आपल्या बाकावर बसली होती. शेजारचा बाक रिकामा होता. तिथे डेल्मर आला, त्याने आपली ‘गुन्नार’ ठेवली आणि काडतुसांचा खोका उघडला. खांद्यापर्यंत, टिचकी मारून. सिग्नेचा चेहरा त्याच्या बोल्टपासून हातभर अंतरावर होता.

डेल्मरने काडतूस आत सारलं आणि ऑर्फा म्हणाली, “थांबा.”

रांग थांबली. बंदुका रिकाम्या झाल्या, माणसं बाकांमागच्या पिवळ्या रेघेपलीकडे गेली. समोर कुणी गेलंय का म्हणून सगळे माळाकडे बघू लागले. कुणी नव्हतं. पुन्हा सुरू करायची खूण झाली, माणसं बसली, डेल्मरने काडतूस सारलं. ऑर्फा म्हणाली, “थांबा.”

असं कितीदा झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या कुणी काडतूस भरलं तर ती गप्प. डेल्मरने भरलं की थांबा. लांबलांबच्या रानांतून गाड्या हाकत आलेली माणसं वैतागली. कुणी म्हणालं घरचं भांडण घरी मिटवा. कुणी म्हणालं हिला बाहेर काढा. क्लबचा अध्यक्ष वेंडेल हॉगन, भला माणूस, टोपी हातात घेऊन तिच्याकडे आला. त्याने तिला हळू आवाजात समजावलं, की हा नियम धोक्यासाठी आहे.

“धोकाच आहे,” ती म्हणाली.

“तुझ्या कॉम्प्युटरात आहे, ऑर्फा. इथे नाहीये.”

“मग त्याला शेवटच्या बाकावर, एकट्याला बसव. त्याचा जीव त्याचा. पण माझ्या किंवा कुणाच्याही पोरीच्या शेजारी नाही.”

डेल्मर ओरडला की तो या क्लबाचा संस्थापक आहे आणि तो शेवटच्या बाकावर जाणार नाही. वेंडेलने ऑर्फाला बाहेर जायला सांगितलं. ती म्हणाली, “नियम पुसून टाक, मग जाते.” आणि तिथेच, रेघेवर, हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिली. कुणी तिला हात लावायला धजलं नाही.

सिग्नेबरोबर त्या दिवशी लाइलही आला होता, पिकअप ती चालवत होती आणि तो बाजूला बसला होता. डोळा गेल्यापासून तो क्लबात आला नव्हता आणि आलाही तेव्हा पिकअपमधून उतरला नव्हता. आता दार वाजलं. तो उतरला, रांगेच्या मागून चालत आला आणि डेल्मरच्या बाकावर, त्याच्या उजव्या हाताला, जाऊन बसला. इतका जवळ की भावाच्या बाहीला त्याची बाही लागली. डोळ्यावरचा काळा चष्मा त्याने काढून खिशात ठेवला. उजव्या बाजूची ती मिटलेली खाच मी तोवर पाहिली नव्हती. रांगेतल्या बऱ्याच जणांनी पाहिली नव्हती.

लाइल म्हणाला, “मार.”

“उठ इथून,” डेल्मर म्हणाला.

“का? भरणं चांगलं आहे ना? लोखंड सडकं होतं ते माझं, तुझं नाही. माझा एक शिल्लक आहे अजून. मार तू.”

डेल्मरचा हात बोल्टवर होता. या वेळी ऑर्फाने ‘थांबा’ म्हटलं नाही. वाऱ्याने निशाण्याचे कागद फडफडत होते तेवढेच. मग डेल्मरने काडतूस बाहेर काढलं, खोक्यात ठेवलं, बंदूक पिशवीत घातली. जाताना तो भावाला म्हणाला, “तू बायकोचं ऐकलंस.”

“उशिरा ऐकलं,” लाइल म्हणाला.

क्लबाने ऑर्फाचं नाव काढून टाकलं. कारण दिलं, कामात अडथळा. माफी मागितली तर परत घेऊ, असं वेंडेल स्वतः येऊन सांगून गेला. तिने त्याला कॉफी दिली आणि माफी दिली नाही. तिच्या मते नियम तिने पाळला होता, मोडला होता तो त्यांनी. गावात अजून दोन तट आहेत. माझ्या कॅफेत ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात.

सिग्ने एल्कच्या मागे गेली. पहिल्या दिवशी तिला दरीच्या पलीकडच्या उतारावर मोठ्या शिंगांचा नर दिसला. गुन्नारच्या जुन्या मापाने कदाचित पोचली असती गोळी. आईच्या मापाने तेवढ्या लांबून ती खाली पडली असती आणि जनावर जखमी होऊन पळालं असतं. तिने बंदूक उचललीच नाही. दुर्बिणीतून त्याला कडेपलीकडे जाताना बघत राहिली. पुढे बरेच दिवस बर्फात सरपटून ती एका मादीच्या पुरेशी जवळ गेली आणि एका गोळीत काम झालं. पुंगळी सहज निघाली. ती तिने खिशात घालून आईला आणून दिली. आईने आधी तिचं बूड भिंगाखाली बघितलं आणि मग मुलीला मिठी मारली. शिंगं नाहीत म्हणून डेल्मरच्या टेबलावर लोक हसले. मांस आम्ही सगळ्यांनी खाल्लं. डेल्मरच्या घरीही सिग्नेने मांडीचा तुकडा पाठवला होता, तो परत आला नाही.

डेल्मर चुकलो असं कधी म्हणाला नाही. त्याने दुकानातून नवी बंदूक आणली आणि ‘गुन्नार’ टांगून ठेवली. कुणी विचारलं तर खांदा दुखतो म्हणून सांगतो. दोघे भाऊ नाताळात एका टेबलावर बसले, पण शिकारीचा विषय निघाला नाही.

या वर्षी बर्फ वितळायच्या सुमाराला मी ऑर्फाकडे बसले होते. ती आणि सिग्ने बाहेर कोठारात होत्या. फोन वाजला, तो लाइलने घेतला. पलीकडून दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी माणूस मोठ्याने बोलत होता. त्याच्या वडिलांची ‘गुन्नार’ त्याच्या वाट्याला आली होती. ट्वेटबाईंनी माप काढलंय असं त्याच्या कानावर आलं होतं. आकडा तेवढा सांगा, म्हणजे झालं.

लाइल म्हणाला, “आकडा मिळणार नाही. तो आमच्या बंदुकीचा आहे. तुझी घेऊन ये, पुंगळ्या आण, बसून काढू.”

तो माणूस चिडला. मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं. इतक्या लांब गाडी हाकत यायचं, एका आकड्यासाठी? सांगायला तुमचं जातंय काय?

“माझं जायचं ते गेलंय,” लाइल म्हणाला. “रविवारी ये. चर्चनंतर.”

त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉप पुसायला घेतला.